टाकी भरल्याचा निरोप
(१९९६च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आत्ता माझी ओळख 'कॉम्प्युटरमधली मोठी इंजिनिअर' अशी करून दिली गेली. त्याचा परिणाम असा, की सकाळच्या चहापासून आतापर्यंत तिघांनी माझ्या हातात मोबाइल दिलाय, 'हँग होतो गं, बघ ना जरा' म्हणून. एकानं घरच्या प्रिंटरचीही तक्रार सांगितली. तेव्हा मी नेमकं काय करते ते एकदा नीटच सांगते. बाई, वीस मिनिटं दिली आहेत, घंटा झाली की थांबेन.

तुमच्या घरातल्या वॉशिंग मशीनमध्ये, इन्व्हर्टरमध्ये, स्कूटरच्या मीटरमध्ये, विजेच्या नव्या मीटरमध्ये एक नखाएवढी चिप असते. तिला मायक्रोकंट्रोलर म्हणतात. तिला पडदा नाही, की-बोर्ड नाही, इंटरनेटही बहुधा नाही. तिला एकच काम सांगितलेलं असतं आणि ते ती वर्षानुवर्षं, तक्रार न करता करत राहते. ते काम तिच्या भाषेत तिला सांगणं हा माझा व्यवसाय. गेली वीस-बावीस वर्षं पुण्यात मी तेच करतेय.

या चिपांपैकी फार मोठा हिस्सा आज 'आर्म' नावाच्या रचनेवर चालतो. या नावाचा शाळेशी एक जुना धागा आहे. १९८४ साली केंद्र सरकारनं 'क्लास' नावाचा प्रकल्प काढला आणि देशातल्या निवडक शाळांमध्ये 'बीबीसी मायक्रो' नावाचे संगणक पाठवले. आपल्या शाळेत काही तो आला नाही. आपल्याकडे संगणक आला तेव्हा त्याच्यावर क्रोशाचं आवरण होतं आणि चपला बाहेर काढून आत जावं लागायचं, आठवतंय ना? तर तो बीबीसी मायक्रो बनवणारी केंब्रिजची कंपनी होती एकॉर्न. त्याच कंपनीत सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी एक साधा, कमी विजेवर चालणारा प्रोसेसर आखला. २६ एप्रिल १९८५ रोजी तो पहिल्यांदा चालला. तोच पहिला आर्म. शाळेतल्या संगणकाच्या पैशातून उभं राहिलेलं हे काम आज सगळ्यांच्या खिशात आहे.

आता गावाकडे वळते. माझं माहेर कामशेतच्या पुढे इंद्रायणीच्या काठी, हे तुम्हाला माहीत आहे. मी लोकलनं शाळेत यायचे आणि पावसाळ्यात निम्मे दिवस ओल्या दप्तरानं बसायचे. गावाला नळपाणी योजना आहे. नदीकाठी जॅकवेल, टेकाडावर टाकी, मध्ये पाइप. काही वर्षांपूर्वी एका ठेकेदारानं जॅकवेलच्या खोलीत एक करड्या रंगाची पेटी बसवून दिली. टाकी भरली की ती पेटी पाणी सोडणाऱ्या मामांच्या मोबाइलवर फोन करायची आणि विहिरीतलं पाणी खाली गेलं की वेगळ्या प्रकारे दोनदा करायची. मामा जाऊन पंप बंद करायचे. साधी व्यवस्था, पण गावाची रात्रीची झोप तिच्यावर.

मग मामा निवृत्त झाले आणि मुलाकडे चिंचवडला राहायला गेले. पेटीत नंबर त्यांचाच. बदलायचा कसा ते कोणालाच माहीत नाही. ठेकेदाराचा फोन लागेना. पत्त्यावर माणूस पाठवला तर तिथे मोबाइलच्या कव्हरांचं दुकान. मग गावानं गावाच्या पद्धतीनं तोडगा काढला. टाकी भरल्याचा फोन चिंचवडला मामांना जायचा आणि मामा तिथून गावातल्या नव्या मुलाला फोन करायचे, 'बाळा, टाकी भरली, पंप बंद कर.' दोन वर्षं हे चाललं. मामांच्या सिमचं रिचार्ज ग्रामपंचायत करायची. हसू नका, मोठमोठ्या कंपन्यांत याहून विचित्र व्यवस्था मी पाहिल्या आहेत.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात ते सिम बंद पडलं. विहिरीतलं पाणी आटलं, पेटीनं इमानेइतबारे फोन केला, तो कुठेच लागला नाही. पंप रात्रभर कोरडा चालला आणि सकाळी मोटरचं वायंडिंग जळलेलं. नऊ दिवस गावाला पाणी नव्हतं. आमच्या गल्लीतल्या बायकांनी पुन्हा हंडे काढले. माझी आई सत्तरीची. तिनं मला फोनवर एवढंच विचारलं, 'तू हेच काम करतेस ना गं?'

जूनमध्ये मी गावी गेले आणि ती पेटी उघडली. आत आर्मचीच चिप, एसटीएम ३२ कुळातली, मला रोजची ओळखीची. पण कुलूपबंद. या चिपांमध्ये अशी सोय असते, की आतला प्रोग्राम कोणाला वाचता येऊ नये. कुलूप काढता येतं, पण ते काढताक्षणी चिप आतलं सगळं स्वतःच पुसून टाकते. चोरी होऊ नये म्हणून ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. पण ज्या गावानं पेटीचे पैसे मोजले त्याच्याकडे ना मूळ प्रोग्राम, ना तो बनवण्याचं साधन. नंबर बदलायला दहा अंक बदलायचे होते, त्यासाठी सगळं नव्यानं लिहावं लागणार होतं.

लिहिणं ही त्यातली सोपी बाजू. मी ते लिहून देईन, पण दहा वर्षांनी मी नसेन तेव्हा काय? मग मी म्हणजे दुसरा ठेकेदारच की. म्हणून ठरवलं, की पेटीबरोबर ती दुरुस्त करण्याचं सगळं साहित्यही गावात राहिलं पाहिजे, आणि ते साहित्य असं हवं की जे ठेवायला, वापरायला, दुसऱ्याला द्यायला कोणाची परवानगी लागू नये.

त्या साहित्यात मुख्य वस्तू दोन, कंपायलर आणि लायब्ररी. आपण सी भाषेत लिहितो ते माणसाला वाचता येईल असं असतं. चिपला कळतात फक्त आकडे. एकाचं दुसरं करतो तो कंपायलर. नेहमीचा कंपायलर ज्या संगणकावर चालतो त्याच्यासाठीच प्रोग्राम बनवतो. इथे मात्र शिजवायचं लॅपटॉपवर आणि जेवणार भलतीच चिप. आपल्या आया पहाटे उठून डबा करायच्या, तसंच. म्हणून याला क्रॉस कंपायलर म्हणतात. मी निवडला तो जीसीसी. उबुंटूसारख्या लिनक्सवर एका ओळीच्या आज्ञेनं तो बसतो. त्याचं पूर्ण नाव जरा भारदस्त आहे, 'आर्म-नन-ईएबीआय-जीसीसी'. त्यातला 'नन' मला फार आवडतो. नन म्हणजे काही नाही. खाली विंडोज नाही, लिनक्स नाही, कोणतीही ऑपरेटिंग सिस्टीम नाही. चिप आणि तुमचा प्रोग्राम, बस.

या 'काही नाही'चे परिणाम मजेशीर असतात. पहिल्यांदा प्रोग्राम बांधायला घेतला की कंपायलरची जोडीदार, म्हणजे लिंकर, तक्रार करते, की 'एक्झिट' सापडत नाही. प्रोग्राम संपल्यावर बाहेर कुठे जायचं, असं ती विचारते. जॅकवेलमधल्या पेटीला बाहेर जायला जागाच नाही, तिचा प्रोग्राम संपतच नसतो. म्हणून एक जादा सूचना देऊन तिला सांगावं लागतं, की बाई, इथे सिस्टीम नाही, रिकामी फंक्शनं धर आणि पुढे चल.

दुसरी अडचण जास्त फसवी. कंपायलरला चिप कुठली ते स्पष्ट सांगावं लागतं. 'कॉर्टेक्स-एम-३' आणि 'थम्ब' हे दोन शब्द आज्ञेत नसतील तर तो जुन्या आर्मच्या बोलीत आकडे तयार करतो. कॉर्टेक्स-एमला फक्त थम्ब ही आटोपशीर बोली कळते. प्रोग्राम बिनतक्रार तयार होतो, चिपमध्ये जातो आणि पहिल्याच पावलाला चिप बसकण मारते. चूक कुठे ते कुणीच सांगत नाही. नवशिके बहुतेक इथे अडकतात आणि दोष वायरींना देतात.

आता डबा. या चिपमध्ये प्रोग्राम ठेवायला ६४ केबी जागा आणि काम करताना वापरायला २० केबी. केबी म्हणतेय मी, जीबी नाही. तुम्ही सकाळी ग्रुपवर टाकलेला 'शुभ प्रभात'चा एक फोटोही याच्यात मावणार नाही. कोणता कप्पा कुठे सुरू होतो आणि किती मोठा आहे, हे एका छोट्या फाइलमध्ये लिहून द्यावं लागतं, तिला लिंकर स्क्रिप्ट म्हणतात. चिपला वीज मिळाली की ती पहिल्या कप्प्याच्या तोंडाशी जाते आणि दोनच आकडे वाचते. पहिला आकडा सांगतो, कामाची जागा कुठपर्यंत आहे. दुसरा सांगतो, पहिलं पाऊल कुठे टाकायचं. बस. सगळ्या जगातल्या कॉर्टेक्स-एम चिपा सकाळी अशाच उठतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा इतकं बरं वाटलं होतं! सुरुवातीला काही गूढ नाही, दोन आकडे आहेत, आणि ते आपण लिहिलेले आहेत.

लायब्ररी म्हणजे तयार कामांचा संच. चिपच्या एका पायावर वीज सोडायची तर कुठल्या पत्त्यावर कुठला बिट लावायचा, हे हजार-अकराशे पानांच्या पुस्तकात असतं. प्रत्येकानं ते वाचत बसू नये म्हणून लोकांनी ती कामं लिहून ठेवली आहेत. चिप बनवणाऱ्या कंपनीची स्वतःची लायब्ररीही असते. मी घेतली 'लिबओपनसीएम-३', स्वयंसेवकांनी बांधलेली खुली लायब्ररी. ती मूळ रूपात उतरवून घ्यायची आणि 'मेक' ही आज्ञा द्यायची. मध्येच ती पायथन मागते, कारण चिपच्या इंटरप्टचे तक्ते ती पायथनकडून तयार करून घेते. आपल्याला एकाच कुळाची चिप हवी असेल तर तेवढंच बांधायला सांगावं. नाहीतर ती सगळी कुळं बांधत बसते आणि तोवर चहा, भजी, सगळं होतं.

या लायब्ररीचे कर्ते स्वतःच बजावतात, की आमची फंक्शनं अजून पक्की नाहीत, बदलू शकतात. आणि ती बदलतात. आठ मेगाहर्ट्झच्या स्फटिकापासून नऊपट करून चिप ७२ मेगाहर्ट्झवर चालवायची, या साध्या कामासाठी जुन्या उदाहरणांत एक फंक्शन आहे, नव्यात दुसरंच. म्हणून 'जे ताजं असेल ते घ्या' हा सल्ला आपल्या कामाचा नाही. ज्या दिवशी पेटी चालली त्या दिवशीची लायब्ररी आणि त्या दिवशीचा कंपायलर, दोन्ही तसेच्या तसे जपायचे. शिवाय जुलैमध्ये आपल्याकडे काय असतं ते तुम्हाला सांगायला नको. धुकं, वीज गेलेली, मोबाइलचा टॉवर आडवा. त्या वेळी 'इंटरनेटवरून उतरवून घ्या' याला काही अर्थ नाही. सगळं एका पेन ड्राइव्हवर, आणि तसाच दुसरा पेन ड्राइव्ह वेगळ्या घरात.

तुम्ही म्हणाल, ही सगळी फुकटची साधनं, भरवसा काय? याचं उत्तर मला आपल्या मावळातच मिळतं. आपण सगळे खातो तो इंद्रायणी तांदूळ १९८७ साली आपल्याच वडगावच्या भात संशोधन केंद्रातून आला. आंबेमोहोराचा वास आणि आयआर-८चं पीक. संकरित बियाणं दरसाल विकत आणावं लागतं, इंद्रायणीचं आपण घरचं राखून पेरतो, शेजाऱ्याला पायलीभर देतो. त्याच १९८७ साली अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी जीसीसीची पहिली आवृत्ती लोकांना देऊन टाकली, मूळ लेखनासकट. वापरा, बदला, दुसऱ्याला द्या, फक्त देताना मूळही द्या. बाजारातले काही कंपायलर नमुना म्हणून फुकट मिळतात, पण ३२ केबीच्या पुढचा प्रोग्राम बांधून देत नाहीत, आणि परवान्याची मुदत संपली की सगळंच थांबतं. चांगले असतात ते, ऑफिसात मी रोज वापरते. पण गावाच्या टाकीसाठी मी राखता येणारं बियाणंच निवडलं.

आणि ही साधनं कुठल्या तरी परदेशी माणसांनीच बनवली आहेत, असंही नाही. जीसीसीमध्ये 'सीआर-१६' नावाच्या चिपसाठीचा जो भाग होता त्याच्या फाइलींच्या माथ्यावर 'केपीआयटी कमिन्स' असं लिहिलेलं होतं. म्हणजे आपली हिंजवडी. त्या कंपनीतली मंडळी जपानी रेनेसास चिपांसाठी जीसीसी बांधून जगभर मोफत देत असत. आयआयटी मुंबईत प्रा. उदय खेडकर सरांनी जीसीसीच्या पोटात काय चालतं यावर वर्षानुवर्षं कार्यशाळा घेतल्या. कंपायलर म्हणजे वापरायची वस्तू, तो उघडून बघायचा नसतो, ही समजूत मोडायला अशी माणसं लागतात.

तर पेटी झाली. पुण्याच्या तपकीर गल्लीतून दोन-अडीचशे रुपयांचा निळा बोर्ड आणला, जोडीला सिमचा मॉड्यूल. आता पाणी खाली गेलं की पेटी कोणाला विचारत बसत नाही, आधी स्वतःच रिलेनं पंप बंद करते आणि मग फोन लावते. नंबर एसएमएसनं बदलता येतो. मामांना चिंचवडला फोन करून सांगितलं, की आता तुमची ड्युटी संपली. ते म्हणाले, 'मग टाकी भरली ते मला कसं कळणार?' म्हणून यादीत त्यांचाही नंबर ठेवलाय. भरल्याचा निरोप त्यांना अजून जातो.

आता शाळेचा विषय. पेन ड्राइव्हवर सगळं ठेवलं खरं, पण माझ्याशिवाय कोणाला ते जमतं का, हे कोण तपासणार? गेल्या वर्षी मुख्याध्यापक सरांच्या परवानगीनं मी नववीतली सहा मुलं घेतली, चार मुली आणि दोन मुलगे. एक जुना लॅपटॉप, पेन ड्राइव्ह आणि मराठीत लिहिलेली चार पानं एवढंच दिलं. इंटरनेट बंद. मी शेजारच्या खोलीत बसले, बाईंबरोबर गप्पा मारत. पहिल्या शनिवारी दिवा लुकलुकला. तोही उलटा, शून्य लिहिलं की पेटतो, एक लिहिलं की विझतो. का, ते त्यांनी बोर्डाच्या नकाशावरून स्वतः शोधलं. दुसऱ्या शनिवारी माझ्या चार पानांतल्या दोन ठिकाणी त्यांनी 'हे कळत नाही, नीट लिहा' असं पेन्सिलनं लिहून दिलं. आपल्या शाळेची सवय अजून टिकून आहे, बघून बरं वाटलं.

तिसऱ्या शनिवारी त्यांनी पेटीचा संपूर्ण प्रोग्राम बांधला. मग आम्ही एक गंमत केली. कुठल्याही फाइलीचा ६४ अक्षरांचा ठसा काढता येतो. फाइलीतला एक बिट जरी वेगळा असला तरी ठसा पार बदलतो. गावातल्या पेटीत जी फाइल आहे तिचा ठसा मी कागदावर लिहून घडी घालून बाईंकडे दिला होता. मुलींनी त्यांच्या फाइलीचा ठसा फळ्यावर लिहिला, बाईंनी कागद उघडला आणि एकेक अक्षर मोठ्यानं वाचलं. चौसष्टही जुळली. म्हणजे माझ्या लॅपटॉपशिवाय, माझ्याशिवाय, इंटरनेटशिवाय, गावाची पेटी पुन्हा जशीच्या तशी बनवता येते, आणि ते आता नववीतल्या सहा मुलांना येतं. त्यातली एक आमच्याच गावची आहे. ग्रामपंचायतीनं तिच्या घरी दुसरा पेन ड्राइव्ह ठेवलाय.

मुख्याध्यापक सरांनी जुन्या प्रयोगशाळेची मागची खोली द्यायचं कबूल केलंय, जिथे आपण तूरटीचे स्फटिक करायचो तीच. महिन्यातले दोन शनिवार मी येणार. बोर्ड मी आणते, त्याचा खर्च फार नाही. लागतात ते लॅपटॉप. दहा-बारा वर्षांचे जुने चालतील, बॅटरी गेलेली चालेल, विंडोज रडतखडत चालत असेल तर उत्तमच, आपण ते काढूनच टाकणार आहोत. आपल्यातल्या निम्म्या जणांच्या कपाटात असा एक तरी पडलेला असणार. बाहेर नोंदणीच्या टेबलावर वही ठेवली आहे, तिच्यात नाव लिहा. फक्त एक विनंती, देताना चार्जरसकट द्या.